धापा टाकणारं व्हायोलिन

१

काल संध्याकाळच्या तालमीत व्हायोलिनला धाप लागली, आणि आज सकाळी साडेदहाला त्याचं खापर माझ्या भावोजींच्या हातावर फुटलं.

मी त्या वेळी रंगमंचावरच होते, नायिकेच्या कोटाचं बटण लावत. या नाट्यगृहाचा कपडेपट मी सांभाळते. तोंडात कायम टाचण्या धरलेल्या असतात म्हणून सगळे मला टाचणी म्हणतात. ते नाव माझ्या बोलण्यावरून पडलं असं म्हणणारेही इथे आहेत. त्यांची बटणं मी जरा सावकाश लावते.

नाटक दोन अंकी. शेवटी आई घर सोडून निघते. तोंडातून एक शब्द काढत नाही. नुसतं एक व्हायोलिन वाजतं आणि दर चौथ्या मात्रेला मोठ्या ड्रमचा एक ठोका पडतो. त्या ठोक्यांवर तिची पावलं बसवलेली आहेत. परवापर्यंत हे सगळं इतकं छान जमत होतं, की दहा वेळा बघूनही मी हातातली शिवण खाली ठेवून बघत राहायचे. काल मात्र ठोका पडला की व्हायोलिन धपकन खाली बसायचं. मग हळूहळू वर चढायचं, पूर्ण आवाजाला पोचतंय तोच पुढचा ठोका, की पुन्हा खाली. जिने चढून आलेल्या जाड्या माणसासारखं. नायिकेचं पाऊल दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा ती थांबलीच.

"काका, हात दाखवा," दिग्दर्शक म्हणाले. त्यांना सगळे सर म्हणतात. माणूस वाईट नाही, पण प्रयोगाच्या दिवशी राग नाकाच्या शेंड्यावर असतो.

भावोजींनी उजवा हात पुढे केला.

"तो नाही. आवाजाची पट्टी तुम्ही ज्या हाताने सरकवता, तो."

भावोजींचा डावा हात खिशात होता. गेले सहा महिने तो बहुतेक वेळ खिशातच असतो, हे घरी माझ्या ताईला माहीत होतं आणि इथे मला. त्यांनी तो बाहेर काढला. सगळ्यांच्या देखत तो थरथरला. नायिकेने मान वळवली, आणि मला त्या क्षणी सरांच्या दंडात टाचणी खुपसावीशी वाटली.

"आज सहाला पहिला प्रयोग आहे," सर म्हणाले, आवाज जरा खाली आणून. "चार वाजता शेवटची तालीम. तोवर हे बंद झालं तर ठीक. नाही झालं तर माझा भाचा त्याच्या लॅपटॉपवरून संगीत वाजवेल. उद्यापासून तुम्ही तिकीट खिडकीत बसा. तिथे हाताचं फार काम नसतं."

सव्वीस वर्षं या नाट्यगृहात आवाजाच्या खुर्चीत बसलेला माणूस. मला वाटलं आता तरी चिडेल. तो म्हणाला, "बरं, सर."

जिन्यात मी त्यांना गाठलं. "भावोजी, बरं काय बरं? भांडायचं नाही का?"

"कशावरून भांडू, टाचणे?" ते म्हणाले. "हात केव्हा हलतो ते माझं मलाच कळत नाही हल्ली. हलला असेल कालही."

२

शेवटच्या रांगेच्या वर एक अरुंद खोली आहे, काचेची खिडकी असलेली. तिथून संगीत वाजतं. टेबलावर मिक्सर, म्हणजे स्वयंपाकघरातला नव्हे, बटणांचा आणि सरकत्या पट्ट्यांचा. टेबलाखाली कॉम्प्युटर. कॉम्प्युटरला वायरने जोडलेली साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी असते. गाणं कॉम्प्युटरमधून डबीत, डबीतून मिक्सरात आणि तिथून सभागृहातल्या मोठ्या स्पीकरांत जातं. अख्ख्या इमारतीत शांत अशी ही एकच जागा, म्हणून सकाळी मी माझं हातशिलाईचं काम घेऊन इथे कोपऱ्यात बसते. काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही, त्यासाठी चार्जिंगचा छोटा दिवा ठेवलाय. भावोजी त्याला माझा तिसरा डोळा म्हणतात.

"वाजवा," मी म्हणाले.

"कशाला? ऐकलंयस की काल."

"काल कोट शिवत ऐकलं. आज नुसतं ऐकते."

मी डोळे मिटले. ठोका, खाली, वर. ठोका, खाली, वर. अर्ध्या मिनिटात माझ्या अंगावर काटा आला, कारण हे मी ओळखत होते. तीस वर्षं मी टाके बघत आलेय. माझी सासू म्हातारपणी शिवायची तेव्हा तिचा हात कापायचा. तिचा एक टाका लांब, एक आखूड, एक तिरका. थरथरणाऱ्या हाताला दोन टाके सारखे घालता येतच नाहीत. आणि हे व्हायोलिन दर वेळी तेवढंच खाली जात होतं, तेवढ्याच वेळात वर येत होतं. एका धाग्याचा फरक नाही.

"भावोजी, हा हाताचा टाका नाही. हा मशीनचा टाका आहे."

 ते कसनुसं हसले. "तुला माझी बाजू घ्यायचीय म्हणून बोलतेस."

"मी आणि तुमची बाजू? ताईला विचारा, लग्नापासून कधी घेतलीय का." मी पिशवीतून चिकटपट्टी काढली, मिक्सरवरची ती सरकती पट्टी होती तिथेच करकचून चिकटवून टाकली आणि भावोजींना म्हणाले, "आता दोन्ही हात डोक्यावर."

"अगं..."

"डोक्यावर!"

नाट्यगृहाचा सगळ्यात जुना माणूस पकडलेल्या चोरासारखा हात वर करून बसला. मी पायाने खुर्ची मागे ढकलली आणि गाणं पुन्हा लावलं. ठोका पडला. व्हायोलिन धपकन खाली बसलं आणि हळूहळू वर चढलं. आमच्या दोघांपैकी कुणाचाच हात टेबलाच्या जवळपास नव्हता.

भावोजींनी हात खाली घेतले. बराच वेळ ते त्या डाव्या हाताकडे बघत होते. "म्हणजे काल मी..."

"काल तुम्ही काहीही केलेलं नाही."

मी धावत खाली गेले आणि सरांना ओढत वर आणलं. मागोमाग भाचेरावही आले. सरांनी सगळं बघितलं, ऐकलं. मला वाटलं झालं काम.

"हात नसेल," सर म्हणाले, "मग डोकं असेल. काकांनी कॉम्प्युटरमध्ये काहीतरी नको ते दाबलं असेल आणि आता आठवत नसेल. माझ्या दृष्टीने दोन्ही सारखंच. चारपर्यंत वेळ आहे."

बारा वाजून गेले होते.

३

"परवाच्या तालमीत ठीक होतं," मी भावोजींना विचारलं, "आणि कालच्या तालमीत बिघडलं. मधल्या वेळात या खोलीत कोण कोण आलं?"

"किल्ली माझ्याकडेच असते. काल सकाळी वायरमन आला, दिव्याचं बटण बदलायला. मग व्हायोलिनवाल्या बाई आल्या, गाण्याची नवी प्रत घेऊन. मग भाचेराव, सगळी गाणी लॅपटॉपवर उतरवून घ्यायला. आणि तू होतीसच, पण तुला काय मोजायचं?"

"मला काय मोजायचं," मीही म्हणाले, आणि तीन नावं बोटांवर धरून खाली उतरले.

सगळ्यात आधी बाई, कारण मला पाणी तिथेच मुरतंय असं वाटत होतं. संगीत त्यांचंच, व्हायोलिनही त्यांनीच वाजवलेलं. गेल्या आठवड्यात त्यांचं आणि भावोजींचं चांगलंच वाजलं होतं. संवाद ऐकू यावेत म्हणून भावोजींनी एका प्रवेशात व्हायोलिन जरा खाली घेतलं होतं. त्यावर बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, की यांना तबकडीसारखं गोल काहीही दिलं तरी हे वाजवतील. आणि नंतर बरोबर कालच नवी प्रत आणून दिली.

बाई रंगपटात बसून गार झालेला चहा ढवळत होत्या.

"तुमच्या नव्या प्रतीत खोट आहे," मी सरळ म्हणाले. असं म्हटलं की माणसं खरं बोलतात.

कपातला चहा बशीत सांडला. "मी माझ्याच लेकराचा गळा दाबेन? चला वर! दाखवते!"

वर जाऊन त्यांनी स्वतःचा हेडफोन कॉम्प्युटरलाच, त्याच्या पुढच्या छिद्रात, जोडला आणि एक कान माझ्याकडे दिला. तीच प्रत, तेच गाणं. ठोका पडला, आणि व्हायोलिन जागचं हललं नाही. नितळ, सलग, परवासारखं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "काल रात्रभर मला झोप नाही," त्या म्हणाल्या. "मला वाटलं माझ्याच वाजवण्यात काहीतरी आहे, आणि मी सगळ्यांसमोर काकांना नाही नाही ते बोलले."

"ते त्यांना सांगा," मी म्हणाले, आणि त्यांनी खरंच मागे वळून सांगितलं. भावोजी इतके गडबडले की त्यांनी बाईंचीच माफी मागितली.

एक बोट मिटलं. गाणं निर्दोष होतं. खोट गाण्याच्या पुढच्या वाटेवर कुठेतरी होती.

वायरमन मागच्या पायरीवर डबा खात होता. मी काही विचारायच्या आत तोच सुरू झाला. "आलात? मला माहीतच होतं. दिवा गेला, वायरमन. पंखा आवाज करतो, वायरमन. नट संवाद विसरला तरी वायरमनला बोलवा!"

"काल तुम्ही बटण बदललंत आणि काल संध्याकाळी आवाज वर-खाली व्हायला लागला."

"वीज कमी-जास्त झाली तर दिवे आधी फडफडतील. फडफडले?"

"नाही."

"मग? आणि तरी शंका असेल तर चला." तोंड पुसत तो उठला, वरच्या खोलीतला दिवा, पंखा आणि सभागृहातले झाडून सगळे दिवे त्याने बंद केले. काळोखात नुसता कॉम्प्युटरचा पडदा चमकत होता. गाणं लावलं. ठोका, खाली, वर.

काळोखात उभी असताना मला एक गोष्ट पहिल्यांदा नीट कळली. व्हायोलिन आपल्या मनाने खाली जात नव्हतं. ते बरोबर ठोक्यावर जात होतं. ठोका नसलेल्या जागी एकदाही नाही.

"वायरमनदादा, विजेला ताल कळतो का हो?"

"विजेला काय कळतंय! तिला नुसतं वाहायचं कळतं."

"मग हे जे कोण आहे ते गाणं ऐकतंय," मी म्हणाले. "आणि ऐकून दाबतंय."

वायरमनने घाईघाईने दिवे लावले. माझ्या हातात एकच बोट उरलं होतं, आणि ते सरांच्या भाच्याकडे जात होतं.

४

भाचेराव तिशीला टेकलेले, दाढी राखलेले, कानात सदोदित काहीतरी घातलेले. मी त्यांना वरच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. भावोजी खुर्चीत मुकाट बसले होते. अडीच वाजले होते.

"तुला ही खुर्ची हवीय?" मी विचारलं.

मला वाटलं होतं, आढेवेढे घेईल. "हवीय, मावशी," तो म्हणाला. "तीन वर्षं मामाच्या मागे लागलोय. पण अशी नकोय. मी गुपचूप काही बिघडवलं असं तुम्हाला वाटतंय ना? मीच तर काल रात्री काकांकडून किल्ली घेऊन तपासत बसलो होतो."

"काय तपासलंस?"

"हे." त्याने कॉम्प्युटरवरून एकसुरी शिट्टी लावली. सभागृहभर कूऽऽऽ असा आवाज पसरला, अर्धा मिनिट, एक मिनिट. ना कमी, ना जास्त. "बघितलंत? हाच कॉम्प्युटर, हीच डबी, हेच स्पीकर. मशीनचा दोष असता तर शिट्टीसुद्धा हलली असती. म्हणून मी मामाला म्हटलं, की मशीन ठीक आहे. राहता राहिले काका."

भावोजींनी मान खाली घातली. माझ्या डोक्यात मात्र काहीतरी सरकलं.

"थांब," मी म्हणाले. "समज, तुझा बाप घरी रिमोट हातात धरून टीव्ही बघत बसलाय. जाहिरात जोरात लागली की काय करतो?"

"आवाज कमी."

"संवाद पुटपुटायला लागले की?"

"जास्त."

"आणि टीव्हीवर नुसतीच शिट्टी वाजत राहिली, ना लहान ना मोठी, तर?"

भाचेरावाने कानातलं काढून टेबलावर ठेवलं. "तर रिमोटला हातच लावणार नाही," तो हळूच म्हणाला.

"आपल्याकडे असाच कुणीतरी बसलाय. ड्रमचा ठोका पडला की त्याला वाटतं, बाप रे, फार मोठं झालं. तो सगळंच दाबतो. व्हायोलिन बिचारं ठोक्याबरोबर दबतं. मग त्याला वाटतं, आता फार हळू झालं, म्हणून तो उचलत जातो, उचलत जातो, तोवर पुढचा ठोका. शिट्टीला दाबायचंही नाही, उचलायचंही नाही. तुझ्या शिट्टीने तो सापडणारच नव्हता."

"अशी सोय असते, मावशी!" तो जवळजवळ ओरडला. "मोठा आवाज दाबायचा, बारीक उचलायचा. घरी सिनेमे बघणाऱ्यांसाठी असते. तिच्यासमोर टिक केली की सुरू." मग त्याचा चेहरा पडला. "पण ती बंद आहे. काल रात्री मी स्वतः बघितलंय. हे बघा."

त्याने पडद्यावर एक यादी उघडली. त्यात डबीचं नाव होतं. नावावर दाबलं, आत चार-पाच चौकोन होते, सगळे रिकामे. टिक एकही नाही.

मी चष्मा लावला. कपडेपटातल्या माणसाला याद्या वाचायची सवय असते. कुठला कोट कुणाचा, कुणाचं माप कधी घेतलं. या यादीत डबीचं नाव दोनदा होतं. वरचं फिकट, खालचं ठळक, आणि खालच्याच्या आधी एक आकडा होता. दोन.

"डबी एकच आहे ना?" मी विचारलं.

"एकच."

"मग ही दोन नंबरची कोण?"

"ते... कॉम्प्युटर घालतो असे आकडे."

"आणि वरचं नाव फिकट का?"

"ते आत्ता जोडलेलं नाही म्हणून."

"जोडलेलं नाही. मग मघापासून स्पीकरमधून आवाज कुठून येतोय?"

 भाचेरावाने खालच्या, दोन नंबरच्या नावावर दाबलं. आतल्या चौकोनांपैकी एकात टिक होती. त्याच सोयीपुढे.

"मी चुकीच्या नावाखाली बघत होतो," तो म्हणाला.

भावोजी खुर्चीतून उठले होते. "पण दोन नंबर आला कुठून? सव्वीस वर्षांत... म्हणजे ही डबी आणल्यापासून तरी मी तिची वायर कधी काढलेली नाही."

"कुणीतरी काढलीय, काका. काढून दुसऱ्या भोकात लावलीय. या डबीचं तसंच आहे. भोक बदललं की कॉम्प्युटरला वाटतं नवीन डबी आली. तो तिला नवं नाव देतो आणि आपल्या मनाने सगळ्या सोयी चालू करून ठेवतो. तुम्ही बंद केलेलं सगळं जुन्या नावाखाली राहतं."

आपल्या माणसाचं माप वहीत असताना नवा माणूस समजून नवं माप घ्यायचं, तसंच हे. मी गुडघ्यांवर बसले आणि टेबलाखाली डोकं घातलं. कॉम्प्युटरच्या पाठीला चार भोकं होती, एकसारखी. डबीची वायर वरून दुसऱ्या भोकात होती. पहिल्या भोकाभोवती वायरच्या टोकाएवढ्या जागी धूळ नव्हती, म्हणजे वर्षानुवर्षं डबीची वायर तिथे होती. आता त्या भोकात दुसरीच एक वायर होती, आखूड, पांढरी, टोकाला काही न जोडलेली.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. ती वायर माझ्या दिव्याची होती.

५

काल सकाळची गोष्ट. दिवा मिणमिणायला लागला होता आणि त्याची वायर एवढीशी. फक्त पहिल्या भोकापर्यंत पोचत होती. भावोजी खाली वायरमनशी बोलत होते. मी डबीची वायर उपटली, तिथे दिव्याची वायर लावली आणि डबीची वायर शेजारच्या भोकात नीट, अगदी नीट दाबून बसवली. भोकं सगळी सारखी. त्यात कसला आलाय फरक? चार्जिंग झाल्यावर दिवा काढून पिशवीत टाकला आणि वायर तिथेच विसरले.

टेबलाखालून मी बराच वेळ बाहेर आले नाही. शेवटी भाचेराव वाकला. त्याने पांढरी वायर बघितली, माझं तोंड बघितलं आणि सगळं समजला.

"मावशी," तो कुजबुजला, "मी टिक काढतो. वायर तुम्ही काढून घ्या. कुणाला काही कळायचं नाही."

पोरगा चांगला निघाला, आणि खरं सांगते, मोह झाला. सकाळपासून मी अख्ख्या नाट्यगृहाची उलटतपासणी घेत हिंडत होते. आता कुठल्या तोंडाने सांगू? पण सर विचारणार, बिघडलं कसं? त्याला उत्तर नसलं की ते भावोजींकडेच बघणार. आणि सरांचं सोडा, भावोजी स्वतःच्या हाताकडे बघणार, रोज, तिकीट खिडकीत बसून.

"टिक काढू नकोस," मी म्हणाले. "सरांना बोलाव. सगळ्यांना बोलाव."

पावणेचारला सगळे सभागृहात जमले. मी भावोजींना पहिल्या रांगेत, सरांच्या शेजारी बसवलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवायला सांगितलं. डावा थरथरत होता. थरथरू दे म्हटलं, सगळ्यांना दिसू दे. वर काचेमागे भाचेराव एकटा.

"टिक आहे," त्याचा आवाज आला. गाणं सुरू झालं. ठोका, आणि व्हायोलिन धापा टाकायला लागलं.

"टिक काढली."

ठोका पडला. व्हायोलिन तसंच उभं. पुन्हा ठोका, व्हायोलिन त्याच्या अंगावरून वाहत गेलं. बाई ताडकन उठून उभ्या राहिल्या.

"टिक परत लावली." धापा.

"काढली." नितळ.

सरांनी शेजारी बघितलं. भावोजींचा हात मांडीवर होता, मिक्सरपासून पन्नास पावलांवर, आणि अजून हलत होता. व्हायोलिन मात्र हलत नव्हतं.

"कुणाचं काम हे?" सरांनी विचारलं. "कुणी केलं?"

मी रंगमंचावर गेले आणि घोषणेचा माइक हातात घेतला. माइकची काही गरज नव्हती, माझा आवाज तसाही शेवटच्या रांगेपर्यंत जातो. पण सकाळी भावोजींचा हात सगळ्यांसमोर दाखवायला लावला होता, तेव्हा माझं काम पण सगळ्यांना ऐकू जायला हवं होतं.

"मी केलं," मी म्हणाले. "दिवा चार्ज करायला डबीची वायर काढली आणि भलत्या भोकात लावली. काकांनी काही नको ते दाबलं नाही. त्यांचा हात चुकला नाही, डोकं चुकलं नाही. चूक माझी. तिकीट खिडकीत बसवायचं तर मला बसवा, फक्त कोटांची बटणं मग सरांनी लावायची."

 पहिल्या रांगेतून एक आवाज आला. भावोजी हसत होते. गेल्या दोन दिवसांत पहिल्यांदा, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मेहुणीबाई!" ते ओरडले. "तिघांच्या मानगुटीवर बसलीस आणि चौथीला मोजलंच नाहीस!"

वायरमनने शिट्टी मारली, नायिका टाळ्या वाजवायला लागली आणि मी, जिला कधी कुणी लाजताना बघितलं नाही, ती पडद्यामागे पळाले. मागून सरांचा आवाज ऐकू आला. "काका, सकाळी मी जे बोललो, ते सगळ्यांसमोर बोललो. आता सगळ्यांसमोरच माफी मागतो."

आणि त्यावर भाचेरावाचा, वरून, स्पीकरमधून: "मामा, मी खुर्चीवरून उठतोय. काकांना वर पाठवा."

६

सहाला तिसरी घंटा झाली. सभागृह भरलं होतं. मी वरच्या खोलीत दाराशी उभी होते, विंगेत असायला हवं होतं तरी. भाचेराव जमिनीवर मांडी घालून बसला होता, शिकायला.

आता एकच धास्ती उरली होती, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. नाटकाच्या शेवटी, आई दाराबाहेर गेल्यावर, व्हायोलिन चाळीस सेकंदांत विरत जातं. ते विरवणं हाताने करायचं असतं, ती पट्टी कणाकणाने खाली घेत. संध्याकाळी सरांनी अगदी हळुवारपणे विचारलं होतं, "काका, तेवढं कॉम्प्युटरवर बसवू का?" भावोजी म्हणाले होते, "नको. हातानेच करतो."

पहिला अंक झाला, दुसरा संपत आला. आई उठली. व्हायोलिन सुरू झालं. ठोका पडला आणि तिचं पाऊल पडलं, ठोका आणि पाऊल. पण आज मी तिच्याकडे बघत नव्हते. मी त्या डाव्या हाताकडे बघत होते. तो मांडीवर थरथरत होता, सकाळी होता त्याहून जास्त.

आई दाराबाहेर गेली. भावोजींनी हात उचलला. मनगट टेबलाच्या कडेला टेकवलं, दोन बोटं पट्टीवर ठेवली.

आणि हात थांबला.

काम हातात येताच तो थांबला. मी त्यांना सव्वीस वर्षं ओळखते, हे मला ठाऊक असायला हवं होतं. पट्टी खाली सरकायला लागली, इतकी सावकाश की सरकताना दिसत नव्हती. व्हायोलिन आईबरोबर दूर, आणखी दूर गेलं. केव्हा संपलं ते कुणालाच सांगता आलं नसतं. मी अजून ऐकतच होते आणि तिथे काही नव्हतं. मग सभागृह उठलं. टाळ्यांनी खिडकीची काच हादरली. भाचेराव हातांत डोकं धरून बसला होता आणि मी, माझी मलाच लाज वाटेल अशी, हुंदके देऊन रडत होते.

जिन्यात धाडधाड पावलं वाजली. सर वर आले, धापा टाकत.  भावोजी शांतपणे मिक्सर बंद करत होते.

"उद्या तिकीट खिडकी किती वाजता उघडते, सर?" त्यांनी विचारलं.

"काका!" सर म्हणाले. "उद्या तुम्ही या खुर्चीत बसल्याशिवाय पडदाच उघडणार नाही."

भावोजींनी डावा हात पुढे केला. तो पुन्हा थरथरत होता. सरांनी तो दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.